मुलाने बरणीत टॅरँटुला आणलाय, ठेवू द्यावा का?

पत्र (थोडक्यात): आम्ही संगमेश्वर तालुक्यात राहतो. माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला. बारा दिवसांपूर्वी त्याने परड्यातल्या जुन्या आंब्याच्या ढोलीतून तळहाताएवढा केसाळ कोळी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घालून घरी आणला. म्हणतो, हा टॅरँटुला आहे, परदेशात लोक पाळतात. ढोलीत बारीक पिल्लंही दिसली म्हणाला. शिवाय फोनवर कुणीतरी त्याला निळ्या टॅरँटुलाचं पिल्लू साडेचार हजारांना देऊ करतंय, तेही त्याला हवंय. घरात सहा वर्षांची धाकटी आहे, माझा जीव थाऱ्यावर नाही. पण बारावीनंतर घरात कुणाशी धड न बोलणारा हा पोरगा कोळ्याबद्दल मात्र तासन् तास बोलतो, म्हणून एकदम नाही म्हणायला मन होत नाही. हा विषारी आहे का? पाळता येतो का? हा नाही तर दुसरा कुठला चालेल? दोन फोटो पाठवते आहे. — एक आई

ताई,

आधी तुमच्या काळजीचं बोलू. बरणी धाकटीचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवा. झाकणाला बारीक भोकं नसतील तर मुलाला आजच पाडायला सांगा, पण कोळी झाकणाला चिकटून बसलेला असताना नको. आतल्या बाजूने पाण्याचे चार थेंब सोडा. खाण्याची चिंता करू नका, हा प्राणी काही आठवडे न खाता राहू शकतो. आणि आज नाहीतर उद्या संध्याकाळी तो जिथून आणला त्याच ढोलीत परत जाऊ द्या. कसा सोडायचा ते पुढे लिहिते. का सोडायचा ते आधी सांगते, कारण नुसतं "सोड" म्हटलं तर तुमचा मुलगा ऐकणार नाही, आणि त्याने ऐकूही नये.

पहिल्या फोटोत काही विशेष कळत नाही. राखाडी, आंब्याच्या सालीसारखी नक्षी, लांब सडपातळ पाय. दुसरा फोटो मात्र बरणीच्या खालून काढलाय आणि तो फार कामाचा आहे. पुढच्या पायांच्या खालच्या बाजूला पिवळाधमक रंग आणि त्यात काळे पट्टे दिसतात, पोटाखाली आडवा फिकट पट्टा आहे. या खुणा पोएसिलोथेरिया रेगालिस या जातीच्या आहेत. तोंडाजवळच्या दोन आखूड पायांची टोकं फुगीर दिसत नाहीत, म्हणजे हा प्रौढ नर नाही. आकार पाहता मादी असावी असं मला वाटतं, आणि मुलाने ढोलीत पिल्लं पाहिली असतील तर शंकाच नको. यापुढे मी तिला "ती" म्हणेन.

या गटाची थोडी ओळख करून देते. पोएसिलोथेरिया हे झाडावर राहणाऱ्या टॅरँटुलांचं कुळ जगात फक्त भारत आणि श्रीलंकेत सापडतं. नावाचा ग्रीक अर्थ साधारण "चित्रविचित्र रंगाचं जनावर" असा. श्रीलंकेत सिंहली लोक याला दिवी मकुळुवा म्हणतात, म्हणजे बिबट्या कोळी, आणि नक्षी पाहिली की ते नाव पटतं. तुमच्या घरातल्या जातीचं वर्णन ब्रिटिश म्युझियममधल्या रेजिनाल्ड पोकॉक यांनी १८९९ साली केलं. या कुळातल्या इतर बऱ्याच जाती एखाद्या लहानशा पट्ट्यापुरत्या उरल्या आहेत. त्या मानाने ही बरी पसरलेली आहे, आपल्या सह्याद्रीतही आहे. तरीही तिला जुनं, ढोली असलेलं झाड लागतं. दिवसा ती ढोलीत किंवा सुटलेल्या सालीखाली दडते, काळोख पडला की तोंडाशी येऊन बसते आणि जवळून जाणारा रातकिडा, झुरळ, पतंग झडप घालून पकडते. जाळं विणून वाट बघणारा हा कोळी नव्हे. रेशीम ती ढोलीला अस्तर लावायला वापरते.

आता विषाचं. हो, ती विषारी आहे. या कुळाच्या चाव्याने माणूस दगावल्याची नोंद नाही, त्यामुळे रात्री झोप उडेल इतकं घाबरू नका. पण "मधमाशी चावल्यासारखं होतं" असं मुलगा कुठे ऐकून आला असेल तर ते या कोळ्याला लागू नाही. चावल्याबरोबर जबर वेदना आणि सूज येते, आणि खरा त्रास पुढे असतो. २०१४ साली संशोधकांनी अशा चाव्यांच्या नोंदी एकत्र करून तपासल्या, तेव्हा निम्म्याहून जास्त जणांना स्नायूंचे पेटके आलेले दिसले. ते लगेच येत नाहीत. बरं वाटू लागलेलं असतं आणि कित्येक तासांनी पोटरी, पाठ, छाती आवळायला लागते, काहींना दिवसचे दिवस. यावर प्रतिविष नाही. साप चावल्यावर देतात ते इंजेक्शन इथे उपयोगाचं नाही. कधी चावलीच तर जागा साबणाने धुवायची, घट्ट दोरी बांधायची नाही, कापायचं नाही, सरळ दवाखान्यात जायचं आणि डॉक्टरांना "मोठा कोळी चावला" हे स्पष्ट सांगायचं. हे सगळं धडधाकट मोठ्या माणसाचं झालं. सहा वर्षांच्या मुलीवर हा प्रयोग कुणाला नको आहे.

हे वाचून मुलगा म्हणेल, मग परदेशात हजारो लोक कसे पाळतात? त्याचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर मी अनुभवाने देऊ शकते.

शिक्षणासाठी मी काही वर्षं इंग्लंडमध्ये होते. माझ्या वर्गमित्राकडे तिथेच पैदास झालेली याच जातीची मादी होती. तो तीन महिन्यांसाठी घरी गेला तेव्हा ती माझ्याकडे आली. हातभर उंच काचेची पेटी, तळाला नारळाच्या काथ्याचा भुसा, उभं टेकवलेलं जाड सालीचं नळकांडं, वाटीएवढं पाण्याचं भांडं. आठ-दहा दिवसांनी एक झुरळ. काम म्हणाल तर एवढंच, आणि तरीही त्या तीन महिन्यांत मी तिला पूर्ण अशी पाच-सहा वेळाच पाहिली. एरवी सालीच्या कडेवर चार पायांची टोकं तेवढी दिसायची. एका संध्याकाळी पाणी भरायला झाकण अर्धं उघडलं आणि माझ्या हातातल्या भांड्याचा सालीला हलकासा धक्का लागला. ती हलताना मला दिसलीच नाही. आधी ती सालीवर होती, नंतर माझ्या कोपराजवळ बाहीवर होती. मी श्वास रोखून उभी राहिले. तिचे पाय बाहीच्या लोकरीत रुतत होते, एकेक पाय उचलून ती पुढे टाकत होती, इतकी शांत की जणू ती आंब्याच्या फांदीवरच आहे. मग ती पुस्तकांच्या फळीवर उतरली आणि मी तिच्यावर प्लास्टिकचं भांडं पालथं घातलं. त्यानंतर तासभर माझा हात थरथरत होता. खोलीचं दार बंद होतं, घरात लहान मूल नव्हतं, आणि मी त्या प्राण्याबद्दल मिळेल ते सगळं वाचलेलं होतं. तरीही हे झालं.

ताई, ती रागीट नाही, हे मला आवर्जून सांगायचंय. तिच्याकडे पर्याय कमी आहेत. मेक्सिकोच्या किंवा चिलीच्या टॅरँटुलांना पोटावर खाज आणणारे केस असतात. त्रास दिला की ते पायाने केस उडवतात, समोरचा डोळे चोळत मागे सरतो, चावण्याची वेळ सहसा येत नाही. आपल्याकडच्या टॅरँटुलांना ते केस नाहीत. ढोलीत पळणं हे तिचं पहिलं शस्त्र. पळायला जागा नसेल तर पुढचे पाय वर करून ती पिवळा रंग दाखवते, आणि तेही चाललं नाही तर चावते. लोणच्याच्या बरणीत पळायला जागा कुठे आहे? म्हणून परदेशातले जाणते पाळणारेसुद्धा नवशिक्याला हे कुळ देत नाहीत. आधी मेक्सिकोच्या लाल गुडघ्याच्या टॅरँटुलासारखी जमिनीवर राहणारी, संथ जात काही वर्षं सांभाळ, मग बघू, असं सांगतात. आणि जे पाळतात ते हातावर घेत नाहीत. फुटाएवढा लांब चिमटा, एकावर एक दोन झाकणं, दार बंद, ही त्यांची रीत आहे.

निळ्या पिल्लाबद्दल मला जास्त काळजी वाटते. फोनवर जे विकताहेत ते बहुधा पोएसिलोथेरिया मेटॅलिकाच्या नावाखाली. या जातीची कहाणी ऐकण्यासारखी आहे. पोकॉक यांनीच तिचं वर्णन १८९९ साली केलं, आंध्रातल्या गुत्ती इथल्या रेल्वेच्या लाकूड वखारीत सापडलेल्या एका नमुन्यावरून. लाकडाबरोबर ती दुसरीकडूनच आली असणार, कारण त्यानंतर शंभरहून जास्त वर्षं ती कुणाला दिसली नाही. २००१ साली नंद्याल आणि गिड्डलूर यांच्यामधल्या रानात ती पुन्हा सापडली. जगातलं तिचं ज्ञात घर एवढंच, शंभर चौरस किलोमीटरपेक्षाही कमी, आणि त्या रानातही सरपणासाठी तोड चालते. २००८ पासून ती अतिसंकटग्रस्त यादीत आहे. तो निळा रंग रंगद्रव्याचा नाही बरं का. केसांच्या अतिसूक्ष्म रचनेवरून उजेड परततो तेव्हा ती निळी दिसते, मोराच्या पिसासारखी. तान्हं पिल्लू तर फिकट, करड्या रंगाचं असतं. फोटो आईचा दाखवायचा आणि डबीत काहीही घालून पाठवायचं, हे विकणाऱ्याला किती सोपं आहे पाहा.

कायद्याचं सांगते, कारण इथे मुलगा नकळत अडकू शकतो. ऑगस्ट २०१९ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत पोएसिलोथेरियाचं अख्खं कुळ "साईट्स" या, धोक्यातल्या वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या यादीत गेलं. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि साईट्सच्या यादीतल्या प्राण्यांची वेगळी अनुसूची त्यात आली. असा जिवंत प्राणी ज्याच्याकडे असेल त्याने त्याची रीतसर नोंदणी करायची आहे, आणि नोंदणी करताना तो आला कुठून हे सांगावं लागतं. "परड्यातल्या ढोलीतून उचलला" किंवा "फोनवरच्या माणसाकडून घेतला" ही उत्तरं तिथे चालणारी नाहीत. परदेशातून मागवायचं म्हणाल तर जुलै २०२१ मध्ये चेन्नईत कस्टम्सने पोलंडहून टपालाने आलेलं पार्सल उघडलं, त्यात १०७ बारीक बाटल्यांमध्ये १०७ जिवंत कोळी निघाले. ते जप्त झाले. साडेचार हजार गेले तर गेले, पण पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या, पुढे याच विषयात काम करू पाहणाऱ्या मुलाच्या नावावर वन्यजीवाची केस नको.

मग दुसरा कुठला चालेल? आपल्या देशात, तुमच्या घरात, आज तरी टॅरँटुला कुठलाच नको. संथ, नवशिक्यांना मानवणाऱ्या म्हणून सांगितलेल्या त्या मेक्सिकन जातीही साईट्सच्या यादीत आहेत, आणि बाकीच्यांचा कागद सरळ असलेला विक्रेता मला माहीत नाही. मुलगा पुढे शिकायला बाहेर गेला, तिथला कायदा परवानगी देत असला, तर तेव्हा त्याने जरूर विचार करावा. मादी दहा-बारा वर्षं जगते, तेवढा काळ आपण एका जागी राहणार का, हे धरून.

आता चार ओळी त्याच्यासाठी. त्याला वाचायला द्या.

बाळा, तुझा खालून काढलेला फोटो पाहून मला आनंद झाला. पोटाखालचा पट्टा बघायचा असतो हे तुला कुणी सांगितलं की तू स्वतः शोधलंस? तुझी नजर चांगली आहे, म्हणूनच स्पष्ट लिहिते. मी तीन महिने काचेच्या पेटीसमोर बसून जे पाहिलं ते फार थोडं होतं. इंग्लंडमध्ये लोक पैसे मोजून सालीचं नळकांडं विकत घेतात, ओलावा मोजतात, आंब्याच्या ढोलीची नक्कल करतात. तुझ्या परड्यात खरी ढोली आहे, आणि आत पिल्लं आहेत. या कोळ्यांची पिल्लं बाहेर आल्या आल्या पांगत नाहीत, बराच काळ आईच्या ढोलीतच राहतात, तिच्या शिकारीवर एकत्र तुटून पडतात. बहुतेक कोळी एकमेकांना खातात, हे कुळ मात्र काही काळ एका घरात नांदतं. ते का आणि किती दिवस, हे रानात बसून पाहणारे फार कमी आहेत. तू बरणीत जे आणलंस ते त्या घरातलं कर्तं माणूस आहे.

तिला परत सोडायचं ते दिवस मावळताना. हात लावायचा नाही, जाड हातमोजे असले तरी नाही. बरणी ढोलीच्या तोंडाशी आडवी लाव, सुतळीने खोडाला बांध, पाऊस असेल तर तोंड किंचित खाली झुकव म्हणजे पाणी साठणार नाही. झाकण आधीच सैल करून ठेव आणि लांब काठीने बाजूला कर. मग मागे सर. काठीने ढोसायचं नाही, बरणी हलवायची नाही. निघायला तिला पाच मिनिटं लागतील, नाहीतर अख्खी रात्र. सकाळी बरणी रिकामी आहे का ते सगळ्या बाजूंनी नीट बघूनच उतरव.

त्यानंतर एक वही कर. परड्यातल्या आणि आसपासच्या ढोलीच्या झाडांना क्रमांक दे, जमिनीपासून ढोली किती उंच, तोंड कुठल्या दिशेला, झाड कोणतं, हे लिही. आठवड्यातून दोन रात्री जा. विजेरीच्या काचेला लाल कागद लाव, लाल उजेडाने ती कमी बिचकते. ती किती वाजता तोंडाशी आली, पावसात येते का, चांदण्यात येते का, काय खाल्लं, पिल्लं किती दिसली, सगळं लिही. एखाद्या सकाळी ढोलीखाली तिची टाकलेली कात मिळेल. ती खुशाल घरी आण, भिंगाखाली ठेव, विषदंतापासून पायाच्या नखापर्यंत सगळं त्यात शाबूत असतं. फोटो आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर टाक, पण ठिकाण टाकताना नेमकी जागा झाकायची सोय वापर. निळ्या कोळ्याचे गिऱ्हाईक असतात तसे याचेही असतात, आणि नकाशावरचा ठिपका बघून ढोली फोडायला येणारे लोक आहेत. वर्षभराची वही झाली की ती तुझ्या सरांना दाखव, पुण्याला आकुर्डीत भारतीय प्राणी सर्वेक्षणचं केंद्र आहे, त्यांनाही पत्र लिही. सह्याद्रीत टॅरँटुला हाच एक नाही. जमिनीत बीळ करणाऱ्या, बांधाच्या दरडीत राहणाऱ्या जाती आहेत, त्यांतल्या काहींचं वर्णनच शंभर वर्षांपूर्वी झालं आणि पुढे त्यांच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. तुमच्या तालुक्यात ट्रक भरभरून लाकूड जातं, ते तू रोज पाहत असशील. कुठल्या झाडात कोण राहतं हे कागदावर असलं तर निदान परड्यातलं, देवराईतलं झाड तरी वाचवायला बळ येतं.

आणि रात्री जाताना पायात गुडघ्यापर्यंतचे बूट, हातात काठी. तुमच्याकडे पाचोळ्यात फुरसं असतं. झाडावरच्या कोळ्याकडे बघता बघता पायाखालचं विसरू नकोस.

ताई, पुन्हा तुमच्याशी. त्याला "नाही" म्हणायला जड जातंय ते मला समजतं. पण तुम्हाला त्याचं बोलणं बंद व्हायची भीती आहे, आणि बोलणं बरणीमुळे सुरू झालेलं नाही, कोळ्यामुळे झालंय. कोळी कुठे जात नाही, परड्यातच राहणार आहे. सोडायला जाल त्या संध्याकाळी तुम्हीही त्याच्याबरोबर जा, जेवणं लवकर उरकून. धाकटीला ओट्यावरून बघू द्या, तिला सांगा की ही आपल्या आंब्यावर राहते आणि तिला हात लावायचा नसतो. विजेरी तुम्ही धरा, वहीत तो लिहील.

ढोलीत पिल्लं दिसली तर किती, ते मोजून मला कळवा.